फिरायला जाताय? मग पॉइंट्सपेक्षा कॅशबॅक बघा

नमस्कार मंडळी. पाऊस सरला की आपल्याकडे फिरायचे बेत सुरू होतात, कोणी पंढरपूर धरतं, कोणी तिरुपती, कोणाला पोरांना मुंबई दाखवायची असते, आणि नेमकं तेव्हाच बँकेचा फोन येतो की ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड घ्या, खर्चावर पॉइंट्स जमतील आणि त्यातून विमानाचं तिकीट फुकट मिळेल.

माझं मत सरळ सांगतो, हात राखून फिरणाऱ्यांनी कॅशबॅकवालंच, म्हणजे खर्चातले थोडे पैसे परत देणारंच कार्ड घ्यावं. आपला पैसा जातो कुठे बघा ना, गोव्यातल्या थिवी नाहीतर मडगावहून स्लीपरचं तिकीट, कदंबाची सरकारी बस, भक्तनिवासातली खोली, वाटेतला चहा-नाश्ता. यावर ट्रॅव्हल कार्डाचे जादा पॉइंट्स सहसा मिळत नाहीत, ते मिळतात ठरावीक विमान कंपनी किंवा बँकेच्याच पोर्टलवर बुकिंग केलं तर.

आता हिशोब करू. समजा वर्षाला 2 लाख कार्डावर खर्च केले, ट्रॅव्हल कार्डाची फी 3000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3540 आधीच गेले. 100 रुपयांना 2 पॉइंट धरले तर 4000 पॉइंट झाले, आकडा मोठा वाटतो, पण एक पॉइंट म्हणजे एक रुपया नव्हे हो, 50 पैसे धरला तर हाती 2000, म्हणजे वर्षाला 1540 चा खड्डा. तेच 500 फीचं कॅशबॅक कार्ड जीएसटी धरून 590 ला पडतं, 1 टक्क्याने 2000 परत येतात आणि 1410 आपल्याकडे राहतात, तेही पॉइंट्सची मुदत संपायची भीती न बाळगता. घरभाडं, पेट्रोल, मोबाइल वॉलेटमध्ये पैसे भरणं यावर बऱ्याच कार्डांना काहीच मिळत नाही, ते मात्र आधी विचारून घ्या.

आणखी एक, रेल्वेच्या साइटवर कार्डाने स्लीपर काढलं तर फी 15 रुपये, यूपीआयने 10, वर जीएसटी वेगळा. 400 च्या तिकिटावर कॅशबॅक 4 रुपये, म्हणजे तिथे यूपीआयच बरं.

घरात कोणी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला असेल, गल्फला किंवा पोर्तुगालला येणं-जाणं असेल तर गोष्ट वेगळी, परदेशात कार्ड वापरलं की बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावरचं जादा शुल्क, आणि त्यावर जीएसटी बसतो, 1 लाखाला 4130 रुपये, तेव्हा मार्कअप नसलेलं ट्रॅव्हल कार्ड फी भरूनसुद्धा परवडतं.

पण कार्ड कुठलंही असो, बिलावरच्या मिनिमम ड्यूला, म्हणजे कमीत कमी भरायच्या रकमेला भुलू नका, कळकळीने सांगतो. तेवढेच भरले तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला 42, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून सुरू होतं. आजच अ‍ॅप उघडा आणि ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप बिल भरणं, टोटल ड्यूवर, पूर्ण बिलावर लावून टाका.