बुडबुडा भोवऱ्यात का शिरतो?

आधी ही बाटली बघा. साधी लिटरची, पाऊण भरलेली, आणि पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब. मी ती जोरात हलवतो, पाणी पांढुरकं होतं. आता उभी धरून गोल गरगरवतो. पुढच्या रांगेतल्यांना दिसेल, बारीक बुडबुडे मधोमध गोळा होऊन त्यांची पांढरी दोरी वळली गेलीय. वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये कपडे भिंतीला जाऊन चिकटतात. मग हे आत का आले?

गोल फिरणाऱ्या पाण्यात बाहेरच्या बाजूला दाब जास्त, मधे कमी. पाण्याला वर्तुळात धरून ठेवतो तो हाच फरक. बुडबुडा ज्या पाण्याची जागा घेतो त्या पाण्याला जेवढा रेटा बसला असता, तेवढाच बुडबुड्यालाही बसतो. पण हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी. तेवढ्याच धक्क्याने ती सरळ आत ढकलली जाते. काचा बंद असलेल्या गाडीत गॅसचा फुगा घेऊन बसा आणि ब्रेक लावायला सांगा. तुम्ही पुढे झुकाल, फुगा मागे जाईल. गंमत तीच.

मग ८०० पट हलका म्हणून बुडबुडा पाण्याच्या ८०० पट त्वरणाने पळतो का? नाही. पळायचं तर आजूबाजूचं पाणी बाजूला सारावं लागतं, आणि गोल बुडबुड्याच्या बाबतीत हे ओझं त्याच्या आकारमानाच्या निम्म्या पाण्याइतकं भरतं. पाण्याचा चिकटपणा बाजूला ठेवला, तर हिशेबात उत्तर येतं फक्त तीन पट. मला हा आकडा फार आवडतो. स्वतःचं वजन जवळजवळ शून्य, आणि सगळं जडत्व उसनं!

आता एका भोवऱ्याऐवजी लहानमोठे हजारो भोवरे घ्या, क्षणात जन्मणारे, क्षणात मोडणारे. यालाच टर्ब्युलन्स म्हणतात. बुडबुडे या भोवऱ्यांच्या गाभ्यांकडे ओढले जातात, म्हणून खवळलेल्या पाण्यात ते सारखे पसरत नाहीत, पुंजके करतात. त्याहून चकवणारी गोष्ट अशी की असे लहान बुडबुडे खवळलेल्या पाण्यात सरासरीने संथ पाण्यापेक्षा हळू वर येतात. आपल्याला वाटतं, वर जाणारे प्रवाह आणि खाली जाणारे प्रवाह समसमान, फिट्टंफाट. पण बुडबुडा दोन्हीकडे सारखा वेळ काढत नाही. वर चढताना त्याच्यावर आडवा रेटा येतो आणि तो भोवऱ्याच्या खाली वाहणाऱ्या बाजूला सरकतो. नळीतही हे दिसतं. पाणी वर वाहत असेल तर लहान बुडबुडे भिंतीलगत जमतात, खाली वाहत असेल तर मधोमध. म्हणजे वर नेणारं पाणी जिथे सगळ्यात हळू तिथे, नाहीतर खाली ओढणारं जिथे सगळ्यात जोरात तिथे. दुसऱ्या वेळी तर उलट्या सरकत्या जिन्यावर चढणाऱ्या माणसासारखी गत!

खवळलेल्या प्रवाहात कण कसे पसरतात याचं गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९२१ साली मांडलं. आधी कणाचं सुरुवातीच्या जागेपासूनचं सरासरी अंतर वेळेच्या प्रमाणात वाढतं, नंतर वेळेच्या वर्गमुळाच्या. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाच्या प्रयोगांत, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, दिसलं की सुमारे दोन मिलिमीटरचे बुडबुडे सुरुवातीला पाण्याच्या कणांपेक्षा वेगाने पसरतात, कारण ते स्वतःच नागमोडी चढतात. नंतर मात्र मागे पडतात. एका भोवऱ्याने दूर न्यायच्या आत बुडबुडा त्यातून वर निसटलेला असतो.

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीच्या तळाशी बारीक बुडबुडे सोडतात ते त्यांच्या संथपणासाठीही. मोठा बुडबुडा भसकन वर येतो, ऑक्सिजन पाण्यात मुरायला सवड देत नाही. दशांश मिलिमीटरचा बुडबुडा, साबण किंवा मळ चिकटलेला, सेकंदाला जेमतेम पाच मिलिमीटर चढतो. त्याच्या एक-तृतीयांश व्यासाचा, त्याच्याही नवव्या हिश्शाने.

आता पुन्हा बाटलीकडे बघा. मी बोलत होतो तेवढा वेळ ती टेबलावर उभी आहे. तळ निवळलाय, वरचा भाग अजून धुरकट. मोठे केव्हाच वर गेले, बारीक अजून वाटेतच आहेत.