मागे सायरन वाजायला लागला की

तर गेममधला किंवा पिक्चरमधला पोलीस पाठलाग म्हटलं की सगळे म्हणतात स्पीड, स्पीडमुळे मजा येते, आणि मला ते बिलकुल पटत नाही. नुसता स्पीड साध्या रेसमध्येपण असतो, तिथे पहिला नंबर गेला तर वाईट वाटतं पण हाताला घाम सुटत नाही. घाम सुटतो तो कोणीतरी आपल्याला शोधतंय या जाणिवेने.

२००५ चा नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड हा कार रेसिंगचा गेम घ्या. त्यात पोलिसांचा रेडिओ आपल्याला ऐकू येतो, ते आपल्या गाडीचं वर्णन करतात, कुठल्या रस्त्याने चाललोय ते एकमेकांना सांगतात, पुढे रोडब्लॉक लावा, खिळ्यांच्या पट्ट्या मागवा, आणि आपण हे सगळं कान देऊन ऐकत गाडी हाणतोय! खिळ्यांचं नाव ऐकलं की रस्त्याच्या पुढच्या वळणाकडे बघायची नजरच बदलते. ग्राफिक्स आता जुने दिसतात, मान्य, पण तो रेडिओ अजून जुना झालेला नाही.

आणि खरी कमाल पुढे आहे. पोलिसांच्या नजरेआड गेलो की कूलडाऊन, म्हणजे ते आपल्याला शोधत फिरतात तो वेळ, सुरू होतो, मग मॅपवरची लपायची जागा गाठायची आणि गाडी उभी करून गप्प बसायचं. स्पीड शून्य. समोरून पोलिसाची गाडी हळूहळू जाते, स्क्रीनवर सुटकेची पट्टी भरत असते, आणि मी खरंच श्वास रोखून बसायचो, खोलीत कोणी बोललं तरी हाताने गप्प करायचो.

पिक्चरवाल्यांना हे फार आधी कळलं होतं. १९६८ च्या बुलिटमधला पाठलाग साधारण अकरा मिनिटांचा. सुरुवातीला मारेकरीच पोलीस हिरोच्या मागे असतात, मग अचानक त्यांच्या आरशात त्याची मस्टँग गाडी दिसते, म्हणजे शिकारी कोण तेच उलटं झालं. त्यांचा ड्रायव्हर शांतपणे सीटबेल्ट लावतो, टायर किंचाळतात आणि त्या क्षणी म्युझिक बंद, पुढे फक्त इंजिनं. तो सीटबेल्ट मला गाड्यांच्या सगळ्या उड्यांपेक्षा जास्त आवडतो.

आता त्याच सीनमध्ये एक हिरवी बीटल गाडी परत परत ओव्हरटेक होते, उघड एडिटिंगची चूक आहे, तरी राग येत नाही. पण गेममध्ये मी टॉप स्पीडला पळतोय, एक चूक केलेली नाही आणि मागे पडलेला पोलीस रबर ताणून सोडल्यासारखा बंपरला येऊन चिकटतो तेव्हा डोकं फिरतं, कारण पिक्चरमधलं अंतर ड्रायव्हरचं होतं, हे अंतर मी कमावलेलं होतं, ते गेमने माझ्याकडून काढून घेतलं. गेम बनवणारे डेव्हलपर लोक म्हणतात असं केलं नाही तर पाठलाग दोन मिनिटांत संपेल, बरोबर आहे, पण मग गल्लीतून दुसरी गाडी आणा ना, तीच का उडवून आणता?

पकडलं जाणं मात्र गेमच चांगलं दाखवतो. चारी बाजूंनी गाड्या लागलेल्या, लाल पट्टी भरत चाललेली, गाडी इंचभर हलत नाही आणि तरी आपलं बोट अॅक्सिलरेटरवरून सुटत नाही.