मिलिमीटर, एकर आणि पृथ्वीचा घेर

(दृश्य: पावसाळ्यातली सकाळ. ओल्या बांधावर उभा शेतकरी मोबाइलवर यादी वाचतो आहे.)

पावसाळ्यात रोज सकाळी गावागावांत ही यादी फिरते. महसूल मंडळाचं नाव आणि पुढे आकडा. कालचा पाऊस, १८ मिलिमीटर. वाचणारा म्हणतो, "बरा झाला." नाहीतर, "नुसती भुरभुर." पण १८ मिलिमीटर म्हणजे माझ्या रानात पाणी किती आलं, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. खरं तर त्याला पाचवी-सहावीचं गणित पुरतं.

(दृश्य: लातूर जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा. वऱ्हांड्यात खडूने आखलेला चौकोन, भोवती मुलं.)

हा चौकोन बरोबर एक मीटर लांब, एक मीटर रुंद. यावर एक मिलिमीटर पाऊस पडला आणि थेंबही वाहून गेला नाही असं धरा. लांबी १०० सेंटिमीटर, रुंदी १००, पाण्याची उंची ०.१. शंभर गुणिले शंभर दहा हजार, इथपर्यंत सगळा वर्ग एका सुरात. दशांश चिन्ह आलं की आवाज खाली येतात. मग मागच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणते, "हजार." हजार घन सेंटिमीटर. सर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली चौकोनाच्या मधोमध ठेवतात. एक चौरस मीटर जागा, एक मिलिमीटर पाऊस, एक लिटर पाणी.

मराठवाड्यातल्या प्रत्येक पोराला हे एवढं तरी तोंडपाठ असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कारण इथून पुढे सगळा गुणाकार आहे.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. मीटरमध्ये मांडलं तर १०१ चौरस मीटर. आपण १०० धरू. असा आकडा कुठे वळवायचा आणि किती वळवायचा, हेही गणितच आहे. इथे आपण एक टक्का सोडला, आणि पावसाच्या हिशेबात तो चालतो. चाळीस गुंठ्यांचा एकर म्हणजे ४,००० चौरस मीटर. कालच्या १८ मिलिमीटरने एकरभर रानात ७२,००० लिटर पाणी टाकलं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की सरकारी भाषेत अतिवृष्टी. त्या दिवशी एकरावर २ लाख ६० हजार लिटर उतरतं. दहा हजार लिटरचे २६ टँकर, एका एकरात, एका दिवसात. बांध का फुटतो आणि माती का जाते, ते या गुणाकारात दिसतं.

आता वर्षाचा पाऊस. मराठवाड्यात जिल्ह्याजिल्ह्यांत फरक आहे, पण ढोबळमानाने ७०० मिलिमीटर धरू. ७०० गुणिले ४,०००. अठ्ठावीस लाख लिटर.

(दृश्य: रेल्वेच्या टाकी वाघिणी. रुळांवरून संथ जाणारी मालगाडी.)

हा आकडा लक्षात ठेवा, कारण त्याच्या शेजारी ठेवायला आपल्याकडे दुसरा एक आकडा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, पाच लाख लिटरची. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या. एका खेपेला पंचवीस लाख लिटर. देशभर बातम्या झाल्या.

२०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या पुढे होती. पंचवीस लाखांना तेवढ्यांनी भागा. माणशी साडेसहा लिटर. एक कळशी, तीही लहान. त्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ, भांडी.

आणि दुसरी बाजू. पन्नास वाघिणींची अख्खी गाडी, पंचवीस लाख लिटर. बऱ्या पावसाच्या वर्षात एका एकरावर आभाळातून उतरणारं पाणी, अठ्ठावीस लाख लिटर. एक एकर, एक वर्ष, एका रेल्वेगाडीपेक्षा जास्त.

वर्गात हे फळ्यावर आलं तेव्हा क्षणभर कुणी बोललं नाही. मग एकाने विचारलंच, "सर, मग एवढं पानी गेलं कुठं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर वजाबाकीत आहे. काही पाणी ओढ्यानाल्याने वाहून गेलं. काही उन्हाने उडालं. काही पिकाने घेतलं, आणि ते तर त्याने घ्यायलाच हवं. जे मुरलं, ते मुरमातून खाली जाऊन काळ्या पाषाणाच्या भेगांत शिरलं. आपला खडक वाळूच्या थरासारखा पाणी पोटात घेत नाही. भेगा आणि झिजलेला थर सोडला तर तो घट्ट आहे. म्हणून अठ्ठावीस लाख लिटर पडलं याचा अर्थ तेवढं अडवता आलं असतं असा नाही, आणि या आकड्याचं ओझं कुणी एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकू नये. पाणी आलं किती, हे गुणाकार सांगतो. उरलं किती, ते गावाने मोजायचं असतं.

(दृश्य: विहिरीचा उघडा काठ. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक.)

हा खडक लाव्हाचा. दख्खनच्या पठारावर लाव्हा थरावर थर साचला, त्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. एवढ्या संख्या नुसत्या ऐकून काहीच कळत नाही, त्या कशावर तरी मांडाव्या लागतात. घरातलं पाचवारी पातळ घ्या. एक वार तीन फुटांचा, ९१.४४ सेंटिमीटर. पाच वार म्हणजे ४५७ सेंटिमीटर. एका सेंटिमीटरला एक कोटी वर्षं असं प्रमाण धरलं, तर पृथ्वीचं सगळं आयुष्य या एका लुगड्यात जवळजवळ नेमकं बसतं. नेसायला सुरुवात होते ते टोक म्हणजे पृथ्वीचा जन्म, पदराची कड म्हणजे आज. आपला काळा पाषाण कुठे? पदराच्या कडेपासून साडेसहा सेंटिमीटर आत. चार बोटांची रुंदी. उरलेलं सगळं कापड त्याच्याही आधीचं. आपली मानवजात सुमारे तीन लाख वर्षांची, म्हणजे कडेचे ०.३ मिलिमीटर, एखादा धागा. याच पाषाणात कोरलेली अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी सुमारे २,२०० वर्षांची आहेत, आणि ती दाखवायला पट्टीवर जागाच उरत नाही.

(दृश्य: अंगणातलं निळं टिपाड. शेजारी पातेलं, तांब्या, चहाचा चमचा.)

आता पृथ्वीवरच्या सगळ्या पाण्याकडे येऊ. पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याखाली आहे, हे पुस्तकात असतंच. टँकर आल्यावर जे टिपाड आपण भरून ठेवतो, तेच घ्या, २०० लिटरचं. समजा, जगातलं सगळं पाणी यात आहे. साडेसत्त्याण्णव टक्के खारट. २०० चे अडीच टक्के, म्हणजे पाच लिटर गोडं. या पाचातले जवळजवळ साडेतीन लिटर बर्फात अडकलेले. दीड लिटर जमिनीखाली. जगातल्या सगळ्या नद्या आणि गोड्या पाण्याची तळी मिळून गोड्या पाण्याच्या सुमारे ०.३ टक्के. पाच लिटरचे ०.३ टक्के म्हणजे १५ मिलिलिटर. तीन चमचे. गोदावरी, मांजरा, पूर्णा, दुधना, सगळ्या त्या तीन चमच्यांत.

आणि आपलं बोअर त्या दीड लिटरच्या वाट्यातून उपसतं.

(दृश्य: पैठण. नाथसागराचा विस्तीर्ण जलाशय, धरणाचे दरवाजे.)

टक्केवारीचा विषय निघालाच आहे, तर जायकवाडी टाळून पुढे जाता येणार नाही. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. ऑगस्ट-सप्टेंबरात अख्ख्या मराठवाड्याचं लक्ष एका बातमीकडे लागलेलं असतं: जायकवाडी किती टक्के?

पण टक्के कशाचे? धरणाचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर. त्यातला ७३८ मृतसाठा, कालव्यात पाणी सोडणाऱ्या दरवाजांच्या पातळीखालचा. वरचा २,१७१ हा जिवंत साठा, आणि बातमीतले टक्के या २,१७१ चे असतात. म्हणून शून्य टक्के ऐकलं तरी धरणात पाणी दिसतं, आणि लोक गोंधळतात. धरण ५० टक्के भरलं असं ऐकलं की वहीत मांडून बघा. २,१७१ चे निम्मे १,०८५. त्यात ७३८ मिळवा, १,८२३. भागिले २,९०९. एकूण साठ्याच्या जवळजवळ ६३ टक्के. एकाच दिवशी, एकाच धरणाचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे. टक्के ऐकले की "कशाचे?" हा प्रश्न मुलांच्या जिभेवर यायला हवा. धरणापुरता नाही, कर्जाच्या कागदावर आणि दुकानातल्या सवलतीच्या पाटीवरही.

(दृश्य: भर दुपारचं आवार. रोवलेली काठी, तिची आखूड सावली.)

पाण्यावरून उन्हाकडे. पृथ्वी २४ तासांत सूर्यासमोर ३६० अंश फिरते. तासाला १५ अंश, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. नांदेड ७७.३ वर, छत्रपती संभाजीनगर ७५.३ वर. दोघांत फरक दोन अंशांचा, वेळेत आठ मिनिटांचा. नांदेडच्या डोक्यावर आलेला सूर्य संभाजीनगरला यायला आठ मिनिटं घेतो, दोन्हीकडची घड्याळं मात्र एकच वेळ दाखवतात.

या दोन गावांचं सरळ पूर्व-पश्चिम अंतर नकाशावर मोजलं तर साधारण २१० किलोमीटर भरतं. भागिले आठ. मिनिटाला २६ किलोमीटर, ताशी दीड हजाराच्या पुढे. हा आपल्या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याचा वेग आहे. नांदेड आणि संभाजीनगर एवढंच सामान घेऊन आपण तो काढला.

आता शेवटचा प्रयोग, आणि मला सगळ्यांत आवडणारा. अलेक्झांड्रियाच्या इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने बावीसशे वर्षांपूर्वी दोन गावांच्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला. त्याच्या एका गावी सूर्य बरोबर माथ्यावर होता. तो दिवस आपल्यालाही मिळतो. मे महिन्यात, लातूरला १३-१४ तारखेच्या सुमारास, काठीची सावली भर दुपारी नाहीशी होते. संभाजीनगरला तो दिवस यायला अजून पाच-सहा दिवस असतात, म्हणून लातूर बिनसावलीचं असताना संभाजीनगरच्या एक मीटर काठीला उत्तरेकडे सावली असते. सुमारे २.६ सेंटिमीटर.

शाळेला तेव्हा सुट्टी असते, पण काठी अंगणातही रोवता येते. फक्त ती ओळंब्यात हवी. गवंड्याकडचा ओळंबा मागून आणा, कारण एका अंशाने कललेली काठी सगळा प्रयोग बुडवते. बारा वाजता बघून उपयोग नाही, लातूरला साधारण १२:२० आणि संभाजीनगरला १२:२५ ही वेळ साधावी लागेल. अंतरही एसटीच्या तिकिटावरचं चालणार नाही. नकाशावर पट्टी ठेवून फक्त दक्षिण-उत्तर अंतर काढायचं, ते १६५ किलोमीटरच्या आसपास येतं.

(दृश्य: वहीचं पान, पेन्सिलीने मांडलेला हिशेब.)

काठी एक मीटरची, म्हणून तिलाच त्रिज्या धरा. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६२८ सेंटिमीटर. त्यात २.६ किती वेळा बसतात? तेवढ्याच वेळा १६५ किलोमीटर पृथ्वीच्या घेरात बसतात. निव्वळ गुणोत्तर आहे, त्रिकोणमितीला हातही लावावा लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. सावलीची कड रेषेसारखी नसते. सूर्य हा बिंदू नाही, म्हणून टोक पुसट दिसतं, आणि एक मीटर उंचीच्या काठीला ही पुसट पट्टी जवळजवळ सेंटिमीटरभर रुंद असते. खूण तिच्या मधोमध करायची, आणि ती दोघांची सारखी येत नाही. एका मिलिमीटरची चूक उत्तराला सुमारे दीड हजार किलोमीटरने हलवते. म्हणून एकट्याने मोजू नका. समजा, पाच जणांच्या पाच काठ्या: २.४, २.७, २.६, २.८, २.५. बेरीज १३. भागिले पाच, २.६.

६२८ भागिले २.६, गुणिले १६५. उत्तर ३९,८५४ किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा घेर ४०,००८ किलोमीटर आहे. फरक १५४ किलोमीटरचा. तो किती टक्के झाला, ते वहीत काढा.