हाताने घडवलेले खेळ : 2024 मधली माझी निवड

(दृश्य : काळोख. मधोमध एक फूल उमलते आणि त्यातून एक इवलासा गोळा बाहेर पडतो.)

या दृश्यापासून सुरुवात करण्याचे कारण एवढेच, की 2024 या वर्षात मी जितके व्हिडिओ गेम खेळलो, त्यांत याहून देखणी सुरुवात मला दुसरी आढळली नाही. अंधाऱ्या, ओलसर गुहेत एक जीव जन्माला येतो, आणि त्याने कुठे जायचे, काय करायचे, हे सांगणारा कोणीही तिथे नसतो.

या खेळाचे नाव ‘ॲनिमल वेल’. तो 9 मे 2024 रोजी प्रकाशित झाला आणि तो शिकागोच्या बिली बासो या एकाच माणसाने सुमारे सात वर्षे खपून घडवला आहे. त्याने चित्रे स्वतः काढली, आवाज स्वतः तयार केले, आणि ज्या पायावर खेळ उभा राहतो ते इंजिनही बाजारातले तयार न घेता स्वतःच लिहिले. एवढे करून संपूर्ण खेळ चाळीस मेगाबाइटांच्या आतच मावतो. फोनवर काढलेल्या एका मिनिटाच्या चित्रफितीलाही पुष्कळदा याहून अधिक जागा लागते.

(दृश्य : फटाका पेटतो, भिंती उजळतात, भुते मागे सरकतात.)

हे दृश्य जरा सावकाश पाहावे. फटाका तडतडू लागताच त्याचा उजेड दगडांच्या कडांवर पडतो, धूर वर चढतो, आणि उजेड विझला की वेलींची केवळ हालचाल जाणवत राहते. चित्रे ठिपक्यांची आणि अगदी लहान आकाराची आहेत. पण उजेड, धुके आणि पाणी यांचा हिशेब त्या त्या क्षणी मांडला जातो, म्हणून हे जग रंगवून ठेवलेल्या पडद्यासारखे निर्जीव वाटत नाही. या खेळात तलवार नाही, बंदूक नाही. हाती येतात ती खेळणी : साबणाचा फुगा, यो-यो, फ्रिस्बी, पायऱ्या उतरणारी स्प्रिंग, बासरी. फुगा सोडायचा आणि तो फुटण्याआधी त्यावर उडी घेऊन वरच्या कठड्यावर पोहोचायचे. हे पहिल्यांदा साधले, तेव्हा मी तीच उडी कारण नसताना आणखी चार वेळा मारली होती. पडद्यावर आत्ता दिसते आहे ती त्यांतली तिसरी.

खेळात एक कोडे असे आहे, की ते सोडवण्यासाठी पन्नास निरनिराळ्या खेळाडूंनी आपापल्या वाट्याचे तुकडे एकत्र जुळवावे लागतात. मी तिथे पोहोचेपर्यंत लोकांनी ते सोडवून टाकले होते.

(दृश्य : हिरवट-निळ्या, घुसळणाऱ्या पार्श्वभूमीवर पत्ते वाटले जातात.)

आमच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपार झाली की मेंढीकोट आणि बदामसात यांचे डाव बसत, त्यामुळे पत्त्यांची ओळख मला कोणी नव्याने करून द्यावी असे नव्हते. तरीही ‘बलाट्रो’ हातात घेतल्यावर मला तेच बावन्न पत्ते पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले.

20 फेब्रुवारी 2024 रोजी प्रकाशित झालेला हा खेळही एका माणसाचाच आहे. कॅनडात राहणारा हा निर्माता ‘लोकलथंक’ या टोपणनावाने वावरतो. डिसेंबर 2021 मध्ये सुट्टीतला छंद म्हणून त्याने हे काम आरंभले. त्यातले घुमत राहणारे संगीत तेवढे त्याने दुसऱ्याकडून करून घेतले आहे.

आता हा डाव जवळून पाहू. हातात आठ पाने आहेत आणि पहिल्या फेरीत किमान 300 गुण करायचे आहेत. मी पाच पाने निवडतो, सगळी बदामाची : एक्का, राजा, नव्वी, छक्की आणि चौकी. एकाच रंगाच्या पाच पानांना मुळात 35 चिप्स, म्हणजे पुढे गुणकाने गुणायचे मूळ गुण, मिळतात. त्यांत एक्क्याचे 11, राजाचे 10, आणि उरलेल्या तिघांचे 9, 6 व 4 मिळवले की 75 होतात. या हाताचा गुणक 4 आहे. पंचाहत्तर चोक तीनशे. फेरी एकाच हातात संपली.

त्यानंतर दुकान उघडते आणि तिथे जोकर मिळतात. एकूण 150 जोकरांपैकी सर्वांत साधा जोकर गुणकात केवळ 4 मिळवतो. परंतु तेवढ्यानेच गुणक चारावरून आठावर जातो, आणि बदामाची तीच पाच पाने आता 600 गुण देतात. असे पाच जोकर एका वेळी बाळगता येतात. त्यांचा क्रम बदलला की बेरीज आधी होते की गुणाकार आधी, हे बदलते आणि उत्तरही बदलते. शेवटच्या फेरीत लाखभर गुण लागतात, आणि ज्याने जोकर नीट रचले आहेत त्याच्या गुणांच्या आकड्यांतून ज्वाळा निघू लागतात. या ज्वाळा, पान ठेवताना होणारा तो हलकासा झोल, जुन्या दूरदर्शन संचासारखा किंचित फुगीर भासणारा पडदा, या सर्वांत एका माणसाने रात्री जागून केलेली निवड मला दिसते. कुठलीही गोष्ट रिवाज म्हणून तिथे ठेवलेली नाही.

या खेळात पैसे लावता येत नाहीत. तरीही पोकरची चित्रे आहेत म्हणून युरोपातील वर्गवारी संस्थेने तो अठरा वर्षांवरील वयोगटात टाकला होता. फेब्रुवारी 2025 मध्ये तो बारा वर्षांवर आणला गेला. निर्मात्याने मात्र हा खेळ जुगाराच्या कंपनीला कधीही विकला जाऊ नये, अशी तरतूद आपल्या मृत्युपत्रातच करून ठेवल्याचे सांगितले आहे. जानेवारी 2025 पर्यंत त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या.

(दृश्य : पांढरा-निळा यंत्रमानव पाण्यात उडी घेतो.)

‘ॲस्ट्रो बॉट’ हा सोनीच्या ‘टीम असोबी’चा खेळ 2024 च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्कृष्ट ठरला. तो या यादीत आहे, कारण मोठ्या कंपनीच्या छत्राखाली असूनही तो साठ-पासष्ट जणांच्या चमूने केला आहे. त्यातली खरी गंमत कंट्रोलर धरलेल्या तळव्यांना कळते आणि ती चित्रित करता येत नाही, म्हणून इथे फारसे थांबत नाही.

मोठ्या कंपन्यांचे चित्र मात्र वेगळे होते : याच वर्षात मायक्रोसॉफ्टने गेम विभागातल्या 1,900 आणि सोनीने 900 नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले.

(दृश्य : पन्नास लहान चौकोन. काहींवर धूळ.)

शेवटी ‘यूएफओ 50’. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात एक गेम कंपनी होती, तिचे विस्मरणात गेलेले यंत्र सापडले आणि त्यावरचे पन्नास खेळ वाचवले गेले, अशी ही कल्पित कथा आहे. ती कंपनी कधी नव्हती. ते पन्नास खेळ मात्र खरे आहेत. डेरेक यू, जॉन पेरी आणि त्यांचे सहकारी अशा मोजक्या मंडळींनी अनेक वर्षे खपून, सर्व खेळांसाठी मिळून केवळ 32 रंग वापरायचे अशी अट स्वतःवर घालून घेत, ते एकेक करून रचले आणि 18 सप्टेंबर 2024 रोजी एकत्र प्रकाशित केले. यू आणि पेरी लहानपणापासून मिळून खेळ बनवत आले आहेत, आणि ते या संग्रहात जाणवते.

(दृश्य : ‘मॉर्टॉल’. एक सैनिक बाणासारखा भिंतीत रुततो. दुसरा त्याच्यावर पाय देऊन चढतो.)

‘मॉर्टॉल’ या त्या पन्नासांतल्या एका खेळात प्रत्येक जीव जाणीवपूर्वक खर्च करायचा असतो. एकाने बाण होऊन भिंतीत रुतायचे, एकाने दगड होऊन जागीच राहायचे, एकाने स्फोट होऊन वाट मोकळी करायची, म्हणजे मागून येणारा पुढे जातो. इतर खेळांत जीव वाचवायचे असतात. इथे ते कुठे ठेवायचे हे ठरवावे लागते. पडद्यावर भिंतीत रुतलेले ते तिघेही मीच खर्च केलेले आहेत, आणि त्यांतला मधला वाया गेला.

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी दूरदर्शन संचाला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना कॅसेट चालेनाशी झाली की ती काढून, तोंडाजवळ धरून जोराने फुंकायची आणि पुन्हा खाचेत दाबून बसवायची, हे सांगावे लागणार नाही. आमच्या कॅसेटीवर हजारो खेळांची संख्या छापलेली होती. आत मोजकेच होते आणि तेच पुन्हा पुन्हा येत. ‘यूएफओ 50’मध्ये न खेळलेला खेळ निवडला की त्या चौकोनावरची धूळ उडते.

हे चित्रण केले त्या संध्याकाळपर्यंत मी 31 चौकोनांवरची धूळ उडवली आहे. खालच्या ओळीतला हा बत्तिसावा.

(दृश्य : बोट बटणावर. धूळ उडते.)