देणगीदार, अहवाल आणि छावणीतला शेवटचा नळ

मित्रहो, निर्वासितांसाठी स्वयंसेवक म्हणून काम केलं असं मी सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तंबू येतात, पाण्याच्या रांगा येतात. ते सगळं मी पाहिलं. पण माझा बहुतेक वेळ गेला एक्सेलच्या तक्त्यांत आणि अहवालांच्या मसुद्यांत. देणगीदारांशी संपर्क आणि प्रकल्पांना साहाय्य, हे माझं काम. आज त्याच कामाबद्दल बोलणार आहे, कारण छावणीत काय पोचतं आणि काय पोचत नाही, यातलं बरंच काही त्या टेबलावर ठरतं.

आधी पैशाचं बघू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित उच्चायुक्तांचं कार्यालय, म्हणजे यूएनएचसीआर, डिसेंबर १९५० मध्ये आमसभेच्या ठरावाने स्थापन झालं आणि १ जानेवारी १९५१ ला कामाला लागलं. मुदत दिली होती तीन वर्षांची, आणि पहिल्या वर्षाचं बजेट होतं तीन लाख डॉलर. तेही महायुद्धाने बेघर झालेली माणसं युरोपभर अडकून पडलेली असताना. या कार्यालयाच्या मूळ नियमावलीतली दोन कलमं मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला वाचायला सांगते. एका कलमानुसार राष्ट्रसंघाच्या अंदाजपत्रकातून फक्त प्रशासकीय खर्च भागवायचा, बाकी सगळं ऐच्छिक देणग्यांतून. दुसऱ्यानुसार, आमसभेच्या पूर्वपरवानगीशिवाय उच्चायुक्तांनी सरकारांना निधीचं आवाहनसुद्धा करायचं नाही. हातात पैसा नाही आणि मागायचीही मोकळीक नाही! पहिले उच्चायुक्त गेरिट यान व्हान ह्यूव्हेन गुडहार्ट यांनी १९५२ मध्ये ती परवानगी मिळवली. १९५४ चं शांततेचं नोबेल या कार्यालयाला मिळालं. तीन वर्षांची मुदत वाढत वाढत गेली आणि २००३ मध्ये आमसभेने मुदतीची अटच काढून टाकली. पैशाची व्यवस्था मात्र तीच राहिली. आजही हे काम जवळजवळ संपूर्णपणे कुणीतरी स्वखुशीने दिलेल्या पैशावर चालतं.

२०२४ च्या अखेरीस सक्तीने विस्थापित झालेल्या माणसांची जगातली संख्या १२ कोटी ३२ लाख होती. त्यांतले बहुसंख्य लोक तर स्वतःच्या देशाची सीमाही ओलांडू शकलेले नाहीत. यूएनएचसीआरला वर्षभराच्या कामासाठी लागतो त्यातला साधारण निम्माच निधी अलीकडे हाती येतो, आणि त्याचाही मोठा भाग मोजक्या सरकारांकडून. एकट्या अमेरिकेचा वाटा अलीकडेपर्यंत सुमारे ४० टक्के असे. २०२५ मध्ये मोठ्या देणगीदारांनी हात आखडता घेतला, तेव्हा सुमारे साडेतीन हजार पदं बंद करावी लागली.

रक्कम किती येते, हा प्रश्न सगळेच विचारतात. ती कशी येते, हे फारसं कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते गोम तिथेच आहे. देणगीचा बराचसा पैसा आधीच बांधलेला असतो. अमुक देशासाठी, अमुक छावणीसाठी, त्यातही फक्त शाळेसाठी किंवा फक्त शौचालयांसाठी. याला इयरमार्किंग म्हणतात. देणाऱ्याची बाजू मला कळते. तो करदात्यांना उत्तर देणं लागतो, त्याला दाखवायला काहीतरी ठोस हवं असतं. पण संकट कुणाच्या अर्जाची वाट बघत नाही. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटलं आणि लोक सीमा ओलांडून चाडमधल्या अद्रे गावी येऊ लागले. अशा जागी पहिल्या आठवड्यात लागणारा पैसा कुणीही त्या गावाच्या नावाने बाजूला काढून ठेवलेला नसतो. तिथे कामी येतो तो मोकळा पैसा, कसलीही अट नसलेला. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या मानवतावादी शिखर परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी ठरवलं की निधीपैकी ३० टक्के रक्कम अटींविना किंवा सैल अटींवर देण्याचं उद्दिष्ट ठेवायचं. ठरवलं खरं. पण असा पैसा द्यायला विश्वास लागतो, आणि विश्वास कसा कमवायचा, हा प्रश्न ज्याच्या पुढ्यात रोज येतो तो माणूस म्हणजे अहवाल लिहिणारा.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते.

एका छावणीच्या पाण्याच्या प्रकल्पाचा सहामाही अहवाल माझ्याकडे होता. आपत्तीच्या कामात जगभर मानल्या जाणाऱ्या स्फिअर निकषांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी मिळायला हवं, एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसं नकोत आणि नळ घरापासून ५०० मीटरच्या आत हवा. भागीदार संस्थेच्या तक्त्यात सरासरी १७ लिटर होती. म्हणजे निकष पूर्ण, रकाना हिरवा, अहवाल पाठवायला तयार. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या एका देणगीदाराचा शाळेचा तक्ता माझ्या टेबलावर होता. एका ब्लॉकमधल्या मुलींची हजेरी सकाळच्या पहिल्या दोन तासांत घसरलेली. शिक्षण विभागाने कारण लिहिलं होतं, 'पालकांची उदासीनता'.

मी पाण्याच्या इंजिनिअरला फोन करून ब्लॉकवार आकडे मागितले. तो ब्लॉक चढावर, टाकीपासून सगळ्यात लांब. उन्हं चढली की दाब पडायचा आणि शेवटच्या नळाला धार उरायची नाही. पाणी मिळायचं ते फक्त पहाटेपासून शाळेचे पहिले दोन तास होईपर्यंत. रांगेत डबे कोण धरणार? मुली. त्या ब्लॉकला माणशी नऊ लिटरही मिळत नव्हतं. खालच्या ब्लॉकांतल्या भरपूर पाण्यामुळे सरासरी वर गेली होती.

दोन विभाग, दोन देणगीदार, दोन अहवाल. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी येण्याची जागा सगळ्या यंत्रणेत एकच होती, आणि ती म्हणजे आमचं टेबल. या कामाला दुय्यम समजणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं.

आम्ही दोन्ही देणगीदारांना आहे तसं कळवलं. सरासरी दिली आणि खाली शेवटच्या ब्लॉकचा आकडाही दिला. पाण्याच्या देणगीदाराकडून आधी बरेच प्रश्न आले, थोडे कडकच. मग वाटाघाटी सुरू झाल्या. शौचालयांच्या फरशांच्या खात्यात काही रक्कम शिल्लक होती, ती पाइपलाइन वाढवायला वळवायची होती. पैसा बांधलेला, त्यामुळे सुधारित बजेट, लेखी मंजुरी, करारात दुरुस्ती, सगळं ओघाने आलं. पाइप गोदामात पडून होते, खोदायला माणसं तयार होती, आणि आठवडेच्या आठवडे आम्ही एका सहीची वाट बघत बसलो. त्या काळात त्या मुली पहाटे रांगेत उभ्या होत्या. मोकळ्या पैशासाठी मी इतक्या पोटतिडकीने बोलते ती यामुळे. पाइपलाइन झाली. पुढच्या वर्षी त्याच देणगीदाराने छावणीसाठी दिलेला निधी विभागवार न बांधता एकत्र दिला.

सगळे देणगीदार असे वागतील याची हमी मी देत नाही. पण 'सर्व उद्दिष्टं साध्य' असं दरवेळी लिहिणाऱ्या संस्थेवर शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही. तो आणखी अटी घालतो, आणखी रकाने मागतो. मग आणखी गुळगुळीत अहवाल येतात. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं. काय कमी पडलं हे सांगितल्याशिवाय जास्त मागणार तरी कसं?

आता फोटोंबद्दल. देणगीदारांना चेहरे हवे असतात, आणि चेहऱ्यांनी निधी येतो, हे खरं आहे. पण छळापासून पळालेल्या बाईचा फोटो तिच्या गावी मागे राहिलेल्या भावाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून संमती घ्यायची. ती घेतानाचं पहिलं वाक्य मी पाठ करून घेते: 'तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचं रेशन, तुमचं कार्ड, तुमची केस, कशालाही धक्का लागणार नाही.' हे तिच्या भाषेत, दुभाष्याकडून, कॅमेरा पिशवीत असताना सांगायचं. मी असं सांगितल्यावर एका बाईने विचारलं, 'हा फोटो कोण कोण बघेल?' मी सगळं सांगितलं. वेबसाइट, पुस्तिका, आणि एकदा बाहेर गेला की परत आणता येत नाही, हेही. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, हातांचा काढा. त्या अहवालात शिवणयंत्रावर चालणारे दोन हात छापले. तिचं नाव आणि गाव कुठेच नाही.

वाटपानंतरच्या पाहणीचंही सांगायला हवं. किती ब्लँकेट वाटली याचा आकडा गोदामाच्या पावतीवरून मिळतो. त्यांचं पुढे काय झालं, हे घरोघर जाऊन विचारावं लागतं. काही कुटुंबं मिळालेल्या धान्यातलं थोडं विकतात, हे कळलं की कुणी गैरवापर म्हणतं. पण विचारल्यावर कळतं की उरलेलं धान्य दळून आणायला रोख पैसे लागतात आणि ते देणारं कुणी नाही. हे वाक्य अहवालात आलं पाहिजे. पुढच्या प्रस्तावात दळणाच्या खर्चाची ओळ त्यातूनच तयार होते.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल, तर राष्ट्रसंघाचा स्वयंसेवक कार्यक्रम हा एक रस्ता आहे. आमसभेने तो १९७० मध्ये मंजूर केला, मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. पगार नसतो, निर्वाह भत्ता मिळतो. घरबसल्या ऑनलाइन करण्यासारखी कामंही असतात, भाषांतराची, संपादनाची, तक्त्यांची. इंग्रजी बरं हवं, पण त्याहून बजेट वाचता यायला हवं. खर्चाची ओळ बघून तिच्यामागे कुठली वस्तू आहे, ती कुठल्या गोदामातून, कुठल्या रस्त्याने जाणार, हे विचारायची सवय हवी.

आता निर्वासित स्वतःही या कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून येतात, आणि या कामात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा बदल तो आहे. आमच्याकडे असा एक सहकारी होता, आधी शाळेत गणित शिकवायचा. छावणीवरचा मसुदा बाहेर पाठवण्याआधी आम्ही त्याला वाचायला द्यायचो. 'पालकांची उदासीनता' हे शब्द त्यानेच खोडले, आणि समासात लिहिलं, 'पाण्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच आहे.' अंतिम अहवालात त्याचंच वाक्य गेलं.