कॉन्टेसाचा मूळ पत्रा

(दृश्य: नाशिकचं सातपूर, शेडचं शटर वर जातं)

लांब बोनेट, रुंद नाक, मागच्या चाकांना ताकद. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा. बांधणी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, सुरुवातीचं इंजिन मात्र अ‍ॅम्बॅसॅडरचं, १४८९ सीसी. एवढ्या देहाला ते पुरेना. पुढे जपानच्या इसुझूचं १८१७ सीसी इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे गाडी आपल्या रूपाला शोभेशी धावू लागली. २००२ मध्ये उत्पादन थांबलं.

आज संग्रहासाठी गाडी शोधणाऱ्याने रंगाकडे नंतर बघावं. आधी इंजिन आणि चेसिसवर ठोकलेले नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावेत. डिझेल स्वस्त होतं तेव्हा कित्येकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवलं. अशा गाडीला मूळ म्हणता येत नाही.

(दृश्य: कापडात गुंडाळलेला चुंबक दारावरून फिरतो)

चुंबक जिथे धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा आहे. दाराच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पावसाळ्यातलं पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून कुजतो. गालिचा उचलून फ्लोअर बघा, डिकीत स्टेपनीखाली हात घाला.

गंज नुसता घासून भागत नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, २० गेजच्या (साधारण ०.९ मिमी जाड) पत्र्याचा तुकडा घडवायचा, कडेला कड भिडवायची. वेल्डिंगचा एक टाका इथे, पुढचा समोरच्या कडेला. सलग ओढलं की पत्रा तापतो आणि लाटा येतात, मग त्या झाकायला पुन्हा पुट्टी. टाके घासून इपॉक्सी प्रायमरचा (रंगाखालचा गंजरोधक) थर, आणि दाराच्या पोकळीत मेणाचा फवारा. हा फवारा बहुतेक ठिकाणी टाळला जातो, कारण तो दिसत नाही. खरं तर पुढची कित्येक वर्षं पत्रा तोच सांभाळतो.

जीप आणि इंजेक्टर घडवणाऱ्या या शहरात लेथवर हवा तो बुश (सांध्यात बसणारी छोटी नळी) कातून मिळतो. मग बोनेटला भोकं पाडून, रुंद चाकं लावून तिला अमेरिकन गाडीचं रूप का द्यायचं? मूळ व्हीलकॅप, जॅक, टूलकिट, पहिलं बिल जपा. कापलेला मूळ पत्रा परत मिळत नाही.

पैशाचं थोडक्यात: गिऱ्हाईक कमी, आणि दुरुस्तीचा खर्च सगळा वसूल होतोच असं नाही. व्हिंटेज नोंदणीला पन्नास वर्षं लागतात. १९८४ ची गाडी २०३४ मध्ये तिथे पोहोचेल. तोवर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर.

(दृश्य: त्र्यंबक रस्ता, सकाळ)

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुने रबरी पाइप फुगवतं, टाकीत ओल धरतं. पाइप इथेनॉल सोसणारे घाला. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. आणि महिन्यातून दोनदा त्र्यंबकपर्यंत जाऊन या. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवलं तर सायलेन्सरमध्ये वाफेचं झालेलं पाणी आतच राहतं.