टेबलाभोवतीचे पाच जण

[दृश्य: माउंटन व्ह्यू, सॅन अँटोनिओ रोड. सकाळचं ऊन. पदपथावरची धातूची शिल्पं.]

रस्त्याकडेची ही शिल्पं जरा थांबून बघा. हा ट्रान्झिस्टर, विजेचा प्रवाह चालू-बंद करणारा चिमुकला भाग. पलीकडे डायोड, प्रवाहाला एकाच दिशेनं जाऊ देणारा. खरी वस्तू चिमटीत मावते. इथे ती जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेत भरावी एवढी मोठी केली आहे. पत्ता, ३९१ सॅन अँटोनिओ रोड. १९५६ साली इथल्या एका साध्या शेडमध्ये ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक, विल्यम शॉकली यांनी प्रयोगशाळा थाटली आणि कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात सिलिकॉनचं पाऊल पडलं.

आम्ही इथे आलो ते एका टेबलाचा माग काढत. सेमीकंडक्टर इंडस्ट्री असोसिएशन, म्हणजे अमेरिकेतल्या चिप कंपन्यांची संघटना. तिच्या संचालक मंडळाच्या खुर्च्यांवर कोण बसतं, आणि बसण्याआधी त्या माणसाचे हात कशात मळलेले असतात?

[दृश्य: तीन छायाचित्रं, एकामागून एक.]

अलीकडचे तीन चेहरे. संजय मेहरोत्रा, मायक्रॉनचे प्रमुख, जन्म कानपूरचा. पिलानीत शिकत असताना बर्कलीला प्रवेश मिळाला, पण व्हिसा तीनदा नाकारला गेला. शेवटी वडील दूतावासातल्या अधिकाऱ्याशी हुज्जत घालत राहिले, तेव्हा कुठे शिक्का पडला. लिसा सू, एएमडीच्या प्रमुख. तैवानमधल्या ताइनानच्या. तीन वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आल्या, एमआयटीतून डॉक्टरेट घेतली आणि आयबीएममध्ये चिपच्या आतल्या ॲल्युमिनियमच्या जागी तांबं आणण्याच्या कामात होत्या. आणि गणेश मूर्ती, मायक्रोचिपचे माजी प्रमुख. त्यांची भौतिकशास्त्राची पदवी आपल्या मुंबई विद्यापीठाची.

तिघंही अभियंते, तिघांनीही चिपच्या कामात उमेदवारी केलेली. संघटना दरवर्षी रॉबर्ट नॉइस यांच्या नावानं पुरस्कार देते. २०२० साली तो लिसा सूंना मिळाला. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. पण ज्या नॉइस यांच्या नावानं तो दिला जातो, ते आणि त्यांच्याबरोबर ही संघटना काढणारे चार जण कुठून आले होते, हे पाहिल्याशिवाय या खुर्च्यांचा अर्थ लागत नाही.

[दृश्य: आयोवा. मक्याची शेतं, ग्रिनेल कॉलेजचा परिसर.]

हे ग्रिनेल. आयोवा राज्यातलं छोटं गाव, मक्याच्या शेतांनी वेढलेलं. रॉबर्ट नॉइस यांचे वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. चार भाऊ, त्यांत हे तिसरे. बारा वर्षांचे असताना भावाच्या मदतीनं त्यांनी एक ग्लायडर बनवलं आणि ते घेऊन छपरावरून उडी मारली. पोरगं शाबूत राहिलं.

पुढे याच कॉलेजात शिकताना मित्रांबरोबर मेजवानीसाठी एका शेतकऱ्याचं डुक्कर चोरलं. शेतीवर जगणाऱ्या आयोवात हा पोरखेळ नव्हता, गुन्हा होता. एका सत्रासाठी नॉइस यांना घरी बसवण्यात आलं. त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल. ट्रान्झिस्टरचे आणखी एक जनक, जॉन बार्डीन, गेल यांच्या ओळखीचे होते. त्या ओळखीतून नव्या कोऱ्या शोधाचे नमुने या आडगावच्या प्रयोगशाळेत येऊन पडले. मोठमोठ्या विद्यापीठांनी जे अजून पाहिलं नव्हतं, ते ग्रिनेलच्या मुलांनी हातात घेऊन पाहिलं. ज्याच्या हाती ते ट्रान्झिस्टर पडले तो मुलगा पुढे काय झाला, हे आपल्याला ठाऊक आहे. शिक्षकाची एक ओळख कुठवर पोहोचते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

[दृश्य: पालो आल्टो, ८४४ ईस्ट चार्ल्सटन रोड. भिंतीपाशी फलक.]

१९५७. शॉकली यांच्या विक्षिप्त कारभाराला कंटाळून आठ जण बाहेर पडले. नॉइस त्यांतले एक. फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर नावाची कंपनी या इमारतीत उभी राहिली. कॅलिफोर्निया राज्यानं इथे ऐतिहासिक स्थळाचा फलक लावला आहे, क्रमांक १०००. बाजारात चालेल असं पहिलं इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजेच चिप, नॉइस यांना १९५९ साली इथे सुचलं. पण त्याच्या आधी ज्याँ होर्नी यांनी ट्रान्झिस्टरवर भट्टीत चढलेला ऑक्साइडचा थर तसाच ठेवून तो झाकायची युक्ती काढली होती. ती नसती तर नॉइस यांची कल्पना कागदावरच राहिली असती. भट्टीशी खेळणाऱ्या माणसाचं ऋण मोठं असतं.

[दृश्य: जुनी कृष्णधवल फीत. सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या स्त्रियांची रांग. जवळून: बोटं, चिमटा, तार.]

ही चित्रं सावकाश बघा. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या या बायका. प्रत्येकीच्या पुढ्यात एक चिप. केसाहून बारीक सोन्याची तार आधी चिपच्या कडेच्या ठिपक्यावर टेकवायची, दाबायची, मग तशीच ओढून बाहेरच्या पायावर टेकवायची, पुन्हा दाबायची. श्वास रोखून. हात हलला की तार तुटली, तार तुटली की चिप वाया. दिवसभर हेच. शंभर चिपांमागे चांगल्या किती निघाल्या, याला कारखान्यात ‘यील्ड’ म्हणतात, आणि कंपनी तरणार की बुडणार ते या आकड्यावर ठरतं.

हा आकडा ज्यांनी पाठ केला, तेच पुढे त्या टेबलावर बसले. त्यांतले सगळ्यात मुरलेले चार्ली स्पॉर्क.

[दृश्य: ॲडिरॉन्डॅक डोंगर, तळं, सॅरनॅक लेक गावाची मुख्य पेठ.]

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं हे सॅरनॅक लेक. स्पॉर्क इथले, वडील टॅक्सीच्या धंद्यात. कॉर्नेलमधून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन ते हडसन फॉल्सला जनरल इलेक्ट्रिकच्या कपॅसिटर कारखान्यात लागले. काम जलद कसं होईल या ध्यासापायी तिथल्या कामगार संघटनेशी त्यांचे खटके उडत. १९५९ साली ते फेअरचाइल्डमध्ये आले. हा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. शोधाचं उत्पादन कसं करायचं, हे त्याला कळत होतं. वेफर, म्हणजे जिच्यावर चिपा घडवतात ती सिलिकॉनची पातळ चकती, कुठे अडतं, पाळी बदलताना काय बिघडतं, कुठल्या भट्टीची लहर कशी, हे सगळं लाइनीवर उभं राहून शिकलेलं. सिलिकॉन व्हॅली शोध लावणाऱ्यांची म्हणून गाजली. ती चालवली या लोकांनी, आणि हे आम्हाला ठासून सांगायचं आहे.

[दृश्य: हाँगकाँग, १९६०चं दशक. अरुंद गल्ली, कारखान्याचं दार, पाळीला येणाऱ्या मुली.]

१९६३. स्पॉर्क उत्पादन सांभाळत असताना फेअरचाइल्डनं जुळणीचं काम हाँगकाँगला नेलं. वेफर कॅलिफोर्नियात बनायचं, विमानानं इकडे यायचं, तारा जोडून परत जायचं. आज मलेशियापासून फिलिपिन्सपर्यंत पसरलेल्या जुळणी कारखान्यांची सुरुवात ही अशी झाली.

[दृश्य: न्यू मेक्सिको. शिपरॉकचा उभा सुळका, वाळवंट. १९६९ सालची माहितीपुस्तिका, पानं उलटताना.]

आणि हे शिपरॉक, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी नवाहो लोकांची भूमी. १९६५ साली फेअरचाइल्डनं इथेही जुळणीचं काम सुरू केलं. कामावर बहुतेक नवाहो स्त्रिया. ही पुस्तिका कंपनीनं १९६९ साली नव्या कारखान्याच्या निमित्तानं काढली. हे पान बघा. हातमागावर विणलेला गालिचा, तपकिरी, काळा, पांढरा, रेघांच्या चौकटी. आणि त्याच्या जोडीला चिपचा मोठा केलेला फोटो. दोन्हींतल्या रेघा एकमेकींच्या बहिणी वाटतात. कंपनीला म्हणायचं होतं की विणकाम रक्तात असलेल्या हातांना हे काम जन्मतःच येतं. शिकावं लागणाऱ्या कौशल्याला रक्ताचा गुण ठरवलं की त्याची किंमत देण्याची गरज उरत नाही. १९७५ साली आंदोलकांनी हा कारखाना ताब्यात घेतला, आणि काही दिवसांतच कंपनीनं तो बंद केला.

[दृश्य: लिव्हरपूलची गोदी. क्रेन, बोटी, धुकं.]

कारखाना बंद झाला तेव्हा फेअरचाइल्डचे प्रमुख होते विल्फ कॉरिगन. लिव्हरपूलच्या गोदी कामगाराचा मुलगा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून केमिकल इंजिनिअर झाला, अमेरिकेत आला, फीनिक्सला मोटोरोलात ट्रान्झिस्टरच्या उत्पादनात मुरला, १९६८ साली फेअरचाइल्डला आला आणि १९७४ साली मुख्य खुर्चीत बसला. ज्या गोदीवर वडिलांनी ओझी वाहिली, ती आमच्या कॅमेऱ्यात पहाटेच्या धुक्यात आली.

[दृश्य: शिकागो, दक्षिण भाग. विटांची घरं, लोखंडी जिने.]

चौथे जेरी सँडर्स. शिकागोच्या दक्षिण भागात आजी-आजोबांनी वाढवलेले. अठराव्या वर्षी एका टोळीनं त्यांना इतकं मारलं की धर्मगुरूनं अंत्यविधीची प्रार्थनाही म्हटली. ते वाचले. शिष्यवृत्तीवर इलिनॉय विद्यापीठातून इंजिनिअर झाले, डग्लस एअरक्राफ्ट, मोटोरोला, मग फेअरचाइल्डचा विक्री विभाग. १९६९ साली एएमडी काढली.

[दृश्य: १९८०ची टीव्हीवरची फीत. घराचं दार, कॅमेरे, दारात उभी स्त्री.]

ही फीत १९८० सालची. कंपनीनं कामगारांसाठी सोडत काढली होती. बक्षीस, महिन्याला १००० डॉलर, वीस वर्षं. सोडत लागली उत्पादनात काम करणाऱ्या एका स्त्रीला. कळवायला सँडर्स स्वतः तिच्या दारात गेले. दार उघडतं तो क्षण बघा.

पाचवे जॉन वेल्टी, मोटोरोलाचे.

[दृश्य: पाच छायाचित्रं एका चौकटीत.]

आता पाचही चेहरे शेजारी ठेवू. नॉइस, स्पॉर्क, सँडर्स, कॉरिगन, वेल्टी. पहिले चौघे फेअरचाइल्डचे, त्यांतले सँडर्स आणि कॉरिगन मोटोरोलातही राबलेले. आपल्याकडे गवयांचं घराणं विचारतात ना, तसं विचारलं तर इथे घराणी दोनच. एकाच तालमीतले हे पैलवान पुढे आपापले आखाडे काढून एकमेकांशी झुंजले. नॉइस १९६८ साली इंटेलला, स्पॉर्क त्याआधीच, १९६७ साली, नॅशनल सेमीकंडक्टरला. एकमेकांची माणसं पळवायची, एकमेकांचे भाव पाडायचे. पण कामाची वेळ संपली की माउंटन व्ह्यूतल्या वॅगन व्हील नावाच्या बारमध्ये याच कंपन्यांचे इंजिनिअर शेजारी बसून कुठली भट्टी दगा देते आहे ते एकमेकांना सांगत. संघटना कागदावर यायच्या आधी ती तिथे भरत होती, असं आम्हाला वाटतं.

[दृश्य: टोकियो, १९७०चं दशक. प्रयोगशाळा, पांढरे अंगरखे.]

कागदावर यायला निमित्त झालं जपानचं. १९७६ साली जपान सरकारनं फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी, एनईसी आणि तोशिबा या पाच कंपन्यांना एका प्रकल्पात बांधलं. स्पर्धक एका छताखाली, सरकारचा पैसा पाठीशी. त्याला उत्तर म्हणून १९७७ साली हे पाच अमेरिकी एका टेबलाशी बसले. सेमीकंडक्टर इंडस्ट्री असोसिएशनचा जन्म तो. जपानी चिपांचा दर्जा आपल्यापेक्षा सरस आहे, हे या लोकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. १९८० साली चिपा विकत घेणाऱ्या हेवलेट-पॅकार्ड कंपनीनं आपल्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले तेव्हा साऱ्या देशाला ते कळलं.

वकील आणि जाहिरातवाले पुढे आले, लागलेच. पण मुळातलं दुखणं ओळखलं ते कारखान्यातून आलेल्या डोळ्यांनी, आणि कुठल्याही उद्योगाच्या मंडळावर अशी माणसं हवीतच, हे आमचं मत आहे. जिच्या बोटांनी तार जोडली, तिच्यासाठी मात्र त्या टेबलाशी खुर्ची नव्हती. या कंपन्यांनी आपल्या कारखान्यांत कामगार संघटनाही उभी राहू दिली नाही.

[दृश्य: वॉशिंग्टन. संसदेचा घुमट, सह्या करताना हात.]

पुढचं थोडक्यात. १९८६ साली अमेरिका-जपान करार, १९८७ साली काही जपानी मालावर शंभर टक्के जकात, २०२२ साली चिपसाठी ५२ अब्ज डॉलरहून अधिक सरकारी मदतीचा कायदा. आणि या कारखान्यांखालच्या जमिनीत झिरपलेली रसायनं. सँटा क्लारा परगण्यात सरकारनं सफाईसाठी २३ ठिकाणं नोंदवली.

[दृश्य: ऑस्टिन, टेक्सस. कारखान्याची इमारत, जुनी फीत.]

हे ऑस्टिन. १९८७ साली चौदा कंपन्यांनी मिळून सेमाटेक उभारली, वर्षाला दहा कोटी डॉलर सरकारचे. यंत्रं आणि प्रक्रिया एकत्र सुधारायच्या, बाजारात मग खुशाल लढायचं. यासाठी सगळ्यात जास्त धावपळ केली स्पॉर्क यांनी. पण चालवायला कुणी मिळेना. ज्याच्याकडे काम जावं तो नाही म्हणे. शेवटी साठीला आलेले नॉइस स्वतः तयार झाले. पैसा, मान, घर, डोंगर, समुद्र, सगळं कॅलिफोर्नियात ठेवून १९८८ साली ते इथे राहायला आले आणि पुन्हा वेफरच्या गप्पांत रमले.

[दृश्य: छायाचित्र, १ जून १९९०. टी-शर्ट घातलेली माणसं, मध्ये नॉइस.]

१ जून १९९०. सेमाटेकच्या लोकांनी त्या दिवसाला ‘बॉब नॉइस दिन’ असं नाव दिलं होतं. टी-शर्टवर त्यांचा चेहरा छापलेला, आणि खाली ‘तरुणांचं दैवत’ अशा अर्थाचे शब्द. माणसं त्यांच्याभोवती गोळा झालेली दिसतात. रविवारी, ३ जूनला, सकाळचं पोहणं आटोपून ते घरात आले आणि हृदयविकाराच्या झटक्यानं गेले.

[दृश्य: तेच छायाचित्र. कॅमेरा हळूहळू जवळ. निवेदन नाही.]